उलटा ठोका, डावा पाय

२६ ऑक्टो., रवि. सातारा

दुकान बंद. सकाळी सकाळी बाळूशी फोनवर भांडण. विषय तोच, स्का नावाचं जमैकातलं संगीत. त्याचं म्हणणं, स्का म्हणजे साठच्या दशकात जमैकात वाजलं तेवढंच, पुढची सगळी नक्कल. मी म्हटलं, इंग्लंडातल्या काळ्यागोऱ्या पोरांनी पुढं ते पुन्हा उचललं, वेग वाढवला, त्यात आपला राग भरला, म्हणून आज तुझं ते जुनं तरी कुणी विचारतं. नाहीतर त्या तबकड्या कुठल्या तरी गोदामात सडल्या असत्या.

"मेलेल्याला उठवलं म्हनतोस व्हय? मेलंच नव्हतं ते. तुमाला ऐकू येत नव्हतं."

फोन आपटला (त्याने). चहा गार.

सुषमाचं मत: पन्नाशी उलटलेली दोन माणसं, एक चष्मे विकतो, एक सांगलीत लग्नाचा बँड चालवतो, आणि भांडतात कशावरून तर जमैकावरून. बायकोला काय सांगणार. तासगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर. बाळू फौजेच्या बँडात गेला, ट्राँबोन (ते सरकत्या नळीचं पितळी वाद्य) शिकला, आणि एका सुट्टीत कुणाची तरी स्काची कॅसेट घेऊन आला. ती ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मला स्वतःला शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नाही, तो भाग वेगळा.

२ नोव्हें., रवि. तासगाव

अण्णाकडे. पुतण्याचं, सागरचं लग्न ३० तारखेला. सागरला डीजे हवा. अण्णा म्हणाला डीजे नको, गेल्या वर्षी शेजारच्या लग्नात माझ्या छातीत धडधडायला लागलं होतं. मी लगेच बाळूच्या बँडचं नाव पुढे केलं.

सागर: "काका, बँडवर कोण नाचतंय आता?"

लागलं मनाला. म्हटलं, हे लोक असं काहीतरी वाजवतील की तासगावात कुणी ऐकलं नसेल. बाळूला न विचारताच सांगून टाकलं.

पण खरं सांगायचं तर मला बाळूसाठी हे हवंय. या सीझनला त्याच्याकडे सुपाऱ्याच नाहीत. निम्मी माणसं सोडून गेली. "हे साल बघायचं, न्हाईतर बँड मोडायचा," असं दिवाळीत म्हणाला होता, हसत. मला नाही हसू आलं.

५ नोव्हें.

बाळूला फोन. "वरातीत स्का? डोकं फिरलं का रं तुझं?" ठेवून दिला. जेवताना त्याचाच फोन. आवाज बदललेला. ट्रंपेट दोन हायत, क्लॅरिनेट हाय, युफोनियमवर बेस धरता येईल... गडी पेटला. अट एकच, फक्त जुनं वाजवायचं. मी म्हटलं, एक तरी नवं, फास्ट घे. "एक न्हाई. अर्धं न्हाई."

बरं बाबा.

९ नोव्हें., रवि.

अण्णाच्या बेदाण्याच्या शेडमध्ये पहिली तालीम. द्राक्षं निघेपर्यंत शेड रिकामीच. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून नऊ जण गोल बसले. मी स्पीकरवर गाणी ऐकवली. बाळूने समजावलं, "ठोका पडतो तितं गप बसायचं. दोन ठोक्यांच्या मधी वाजवायचं. समदं उलटं." पहिला तास नुसता गोंधळ. मग साइड ड्रमवाल्या संपतला (एरवी घरं रंगवतो) ते सापडलं, आणि त्याच्या मागून एकेकाला.

आणि मग आलं. बेदाणे वाळवायच्या जाळ्यांमधून ट्राँबोनचा तो सूर निघाला तेव्हा माझे डोळे भरून आले. आजवर जे इयरफोनमध्ये ऐकलं ते समोर वाजत होतं, आपल्या माणसांच्या हातून. बाळूने बघितलं, म्हणाला, "धूळ लय हाय इतं." नालायक.

१६ नोव्हें., रवि.

दुसरी तालीम. जुनं पक्कं झालंय. मी पुन्हा फास्टचं काढलं. सगळ्यांसमोरच जुंपली. तो म्हणाला, जुन्यातले लोक आधी वाजवणारे होते, तुझ्या नव्यात आधी कपडे आणि मग उड्या. मी म्हटलं, त्या उड्यांमागे कारण होतं, कारखाने बंद पडत होते, रस्त्यात मारामाऱ्या होत होत्या, आणि तशात ती पोरं एका स्टेजवर उभी राहिली. हे तुझ्या जुन्यापेक्षा कमी कसं?

"ऐकनाऱ्याला दम लागत न्हाई विज्या."

बाकीच्यांना मजा वाटत होती. संपत म्हणाला, मास्तर, एकदा बघू तरी. मी गाणं लावलं, त्यांनी दोन-तीनदा घासलं, आणि बरं जमलं की! बाळूने मात्र ट्राँबोन मांडीवर आडवं ठेवलं. "माजा ह्यात भाग न्हाई." बाजूला जाऊन चहा पीत बसला. हट्टीपणाची हद्द आहे. येताना एसटीत इस्लामपूरपर्यंत मनात त्याच्याशी भांडत होतो.

२३ नोव्हें.

तिसऱ्या तालमीला जाता आलं नाही, रविवार असूनही दुकान उघडावं लागलं. बाळूचा फोन, सगळं तयार. "खुर्चीत बसून डोळं झाकून वाजवत्यात आता." खूश होता. फास्टचा विषय कुणीच काढला नाही.

३० नोव्हें. तासगाव

झालं!! लय भारी. पाय तुटायला आलेत. सागर येऊन गळ्यात पडला. उद्या लिहीन.

१ डिसें.

क्रमाने लिहितो.

मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत वरात. बँड उभा राहिला, सुरू केलं, सुंदर. मग चालायला लागले आणि पन्नास पावलांत सगळं बिघडलं. तालीम केली ती खुर्चीत बसून! चालून बघायचं नऊ जणांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. बाळू आणि आणखी तिघे फौजेतले. त्यांचा डावा पाय ठोक्यावर पडतो, आणि पाय पडला की हात आणि ओठ त्याच्याच मागे. मधला ठोका सरकत सरकत पायावर येऊन बसला. चौक येईपर्यंत स्का संपून परेड सुरू. घोडीसुद्धा शिस्तीत चालायला लागली. पाहुण्यांतले दोन-तीन माजी सुभेदार आपोआप ताठ झाले. अण्णा कौतुकाने, "वा, मिलिटरी बँड!" मी हसून हसून बेजार.

बाळू हसत नव्हता. बाजारपेठेत त्याने बँड थांबवला. "थम!" सगळ्यांना जागेवर उभं केलं आणि पहिल्यापासून वाजवलं. उभ्याने बरोबर आलं, शेडमधल्यापेक्षाही चांगलं. पण वरात तुंबली. बायका उन्हात उभ्या, मुहूर्ताची घाई, आणि सागरचे मित्र फोन बघत एका बाजूला. त्यातला एक म्हणाला, "काका, झोप यायलीया." सागर माझ्याकडे बघत होता.

मी संपतला बोट फिरवून खूण केली. वाढव.

त्याने एकदा बाळूच्या पाठीकडे बघितलं आणि सुरू केलं. फास्ट. ट्रंपेटवाले आले मागून. मग काय, तासगावच्या बाजारात जे झालं ते सांगता येत नाही. उड्या मारणाऱ्याला डावा-उजवा काय! पोरं, पाहुणे, अण्णा, सगळे. मी तर पुढेच होतो. कार्यालय येईपर्यंत नाचलो. डीजेचं नावही कुणी काढलं नाही.

बँड वाचला म्हणायचा.

४ डिसें. सातारा

बाळूचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. दमला असेल.

६ डिसें.

सागरने व्हिडिओ पाठवला. दुकानात बसून बघितला. आधी स्वतःचा नाच बघून लाज वाटली. मग मागे लक्ष गेलं. फास्ट सुरू झाल्यावर बाळू वळून संपतकडे बघतो, मग माझ्याकडे. मी नाचतोय. तो ट्राँबोन तोंडाला लावतो, थोडं वाजवतो, काढतो. पुन्हा लावतो. मग ते काखेत धरून रांगेतून बाजूला होतो आणि कडेकडेने चालत राहतो, कार्यालयापर्यंत. स्वतःच्या बँडच्या बाजूने, पाहुण्यासारखा. आणि पाय बरोबर डावा-उजवा, डावा-उजवा.

मी एकदाही मागे बघितलं नव्हतं.

गिऱ्हाईक आलं, त्याचा नंबर तपासताना दोनदा चुकीची काच लावली.

७ डिसें., रवि.

संपतचा फोन. "आवं दादा, मास्तर कायच बोलंनात. दोन पार्ट्या आल्यात तासगावच्या. लग्नं हायत. त्या दिशीचं फास्टच पायजे म्हनत्यात. मास्तर व्हय म्हनंनात, न्हाई म्हनंनात. तुमी बोला की." आणि हळूच, "तुमी खूण केली म्हनून मी वाजवलं बगा. माझ्यावर नगं."

म्हटलं, नाही येणार तुझ्यावर.

सुषमाला सगळं सांगितलं. तिने व्हिडिओ बघितला. "त्याच्या माणसांसमोर त्याला बाजूला काढलंस तू," एवढंच म्हणाली. ती एरवी माझी बाजू घेत नाही, पण इतकं सरळ बोलतही नाही. मी वाद जिंकायला निघालो होतो, हे तिला न सांगताच कळलं. वरात वाचवायची होती, हेही खरं. पण बोट फिरवताना मनात वरात नव्हती, बाळू होता. बघ आता, असं वाटलं होतं.

१० डिसें.

मेसेज लिहिला: "तूच बरोबर होतास. जुनंच खरं. नवं म्हणजे नुसत्या उड्या. चूक झाली."

पाचच मिनिटांत त्याचा फोन. इतक्या दिवसांनी.

"माज्याशी खोटं कवापासनं बोलायला लागलास रं?"

"खोटं नाही, बाळू..."

"इतकी वर्सं भांडलास. शाळंतनं भांडलास. आन आता दया करतोस व्हय? भांडायचं आसंल तर ये. न्हाईतर येऊ नगंस." बंद.

चूक झाली हे खरं होतं. बाकीचं खोटंच. त्याने बरोबर तेवढंच पकडलं.

१४ डिसें., रवि. सांगली

गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. "या भावजी. बसल्यात मागं." मागच्या अंगणात ट्राँबोन पुसत बसलेला. पाणी आलं, पोहे आले. त्याने कृष्णेच्या पाण्याची गोष्ट काढली, पेन्शनच्या कामाची काढली. मी म्हटलं, खूण मी केली, संपतचा दोष नाही. म्हणाला, ठाऊक हाय. मी म्हटलं, तुझ्या माणसांसमोर करायला नको होती. म्हणाला, व्हय, नको हुती.

मग मी म्हटलं, पण गाणं चांगलं आहे, मी मागे घेणार नाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. वाटलं, आता भांडेल. जुनं-नवं सुरू होईल, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत सगळं ठीक होईल. मी पोह्याची बशी बाजूला ठेवून तयारच बसलो.

त्याने फडकं घडी करून ठेवलं. ट्राँबोन पिशवीत घातलं. "त्या पार्ट्यांला उत्तर द्यायचं हाय," एवढंच म्हणाला. स्टँडवर सोडायला आला. गाडी सुटेपर्यंत थांबला.

२० डिसें. सातारा

दुकान बंद करून आलो तर बाळूचा आवाजी मेसेज. सवय नाही त्याला, तो फोनच करतो. सुषमा टीव्हीसमोर. मी आतल्या खोलीत जाऊन, चांगले इयरफोन लावून ऐकला.

आधी नुसतं ट्राँबोन. फास्टवालं गाणं, त्याच वेगात. सुरुवात स्वच्छ. मग चौथ्या-पाचव्या ओळीला श्वास तुटला. थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा थोडा पुढे गेला, पण हात मागे पडत होता, सूर घसरत होते. मग खोकला. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तो:

"रोज सकाळी करून बगतोय. शेडमदी बी मनातल्या मनात केलं हुतं, तवाच कळलं हुतं. तुला वाटलं हट्ट करतोय. वाटू दे म्हनलं." पुन्हा खोकला. "आता तू सांग विज्या. कान तुझं चांगलं हायत. त्या गान्यात खोट हाय, का माझ्यात? गान्यात आसंल तर त्या पार्ट्यांला न्हाई म्हनतो, आन जुनंच वाजवतो, जमंल तवर. माझ्यात आसंल तर बँड संपतच्या हातात देतो. पोटं हायत समद्यांची. उद्या सांगायचं हाय त्यांला. तू म्हनशील तसं. पर खरं सांग."

तीनदा ऐकला.

सुषमा आत आली, तिलाही ऐकवला. ती पलंगावर बसली. म्हणाली, खोटं चालणार नाही त्याला. मी म्हटलं, माहीत आहे.

गाण्यात खोट नाही. हे मी सव्वीस ऑक्टोबरला म्हणत होतो, त्याच्या आधी कितीतरी वर्षं म्हणत होतो. प्रत्येक वेळी त्याने नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

लिहिलं: गाणं चांगलं आहे. पुढचं वाक्य लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. अजून पाठवलेलं नाही.

तो ऑनलाइन दिसतोय.