बावीस नंबरचं प्रवाळ

१४ एप्रिल, भिंगार
मीराने फोटो पाठवला. ती प्रवाळं अभ्यासते त्या बेटाजवळचं बावीस नंबरचं प्रवाळ, मापाला शेजारी माझी शाळेतली पिवळी फूटपट्टी. सात वर्षं तेच प्रवाळ, तीच पट्टी. एरवी मातकट दिसतं, या वेळी पांढरंशुभ्र. कॉन्व्हेंटच्या चॅपलमधली लेस आठवली. लिहिलं, 'किती सुंदर!' स्टेटसलाही ठेवलं. शेजारच्या शाहीनभाभी म्हणाल्या, "लई भारी. पण लेक दगडांनाच नंबर लावत बसती, एखाद्या नवऱ्याचा नंबर लाव म्हणावं."


१६ एप्रिल
मीराचा फोन. "आई, ते उपाशी आहे."
दगड नव्हे, प्राणी. अंगात बारीक शेवाळ राहतं, उन्हावर अन्न करून त्याला भरवतं. रंगही शेवाळाचाच. पाणी तापलं की दोघांचं फाटतं, शेवाळ बाहेर पडतं. मग दिसतं ते आतलं हाड. डायनासोरांच्या काळापासूनची सोबत, मोडायला एक-दोन अंश पुरतात. आमच्याकडे तेवढ्याला पंखा एक घर वाढवतात.
स्टेटस काढलं. बऱ्याच जणींनी बदाम पाठवले होते.

२ मे
मीराचं मूळ काम प्रवाळांची नाती शोधायचं. जुळी दिसणारी डीएनएत परकी निघतात. बावीस गोल गड्ड्यासारखं. त्याच्या कुळातलं सगळ्यात जवळचं मात्र पलीकडचं, फांद्याफांद्यांचं. ते सगळं मेलं.
"मग बावीस?"
"या कुळाला ताप सोसत नाही गं." लहानपणी ताप आला की अशीच गप्प व्हायची.

११ मे
भाभी पायरीवर टेकल्या. "आलं का वो माघारी ते शेवाळ?"
नाही म्हटलं. ताकाचा तांब्या ठेवून गेल्या.

२६ मे
फोटो. पाणी गढूळ. बावीसच्या बुडाशी बोटभर तपकिरी. आतलं शेवाळ परतलं असेल. किंवा प्राणी मेला, आणि सांगाड्यावर बाहेरचं काहीतरी उगवतंय. मीरालाही सांगता येईना. समुद्र खवळलाय, होड्या बंद. आता पाण्यात उतरायचं ते गणपतीनंतर.
खाली लिहिलंय, 'आई, तुला काय दिसतं?'
फूटपट्टीवरचं माझं नाव दिसतं. बाकी…
'परतलं असेल' टाइप केलं. खोडलं.
ती अजून ऑनलाइन आहे.