साडेपाचशे वॅट

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
कॉम्प्युटर स्वतः जोडायचा हे आज नक्की केलं. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलंय. दुकानदार फुकटात जोडून देत होता. नको म्हणालो. आवक-जावक विभागात बावीस वर्षं शिक्के मारल्यावर माणसाने एखादी वस्तू तरी स्वतःच्या हाताने उभी करावी.

राहिला फक्त पॉवर सप्लाय. म्हणजे भिंतीतली वीज आत आणून सगळ्यांना वाटून देणारा डबा. सगळ्यात किरकोळ वस्तू. दुकानदार म्हणाला, बऱ्या कंपनीचा साडेपाचशे वॅटचा घ्या आणि विसरून जा. मी नुसता हसलो. विकणारा असंच म्हणणार. आपण अभ्यास करून घ्यायचा. स्वस्त आणि उत्तम.

जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकला. त्यातली हार्ड डिस्क तेवढी काढून ठेवली, कारण बायकोचं सगळं काम तिच्यात आहे. ती घरबसल्या पुस्तकांची अक्षरजुळणी करते. सध्या मधमाश्यांवरचं चारशे पानी पुस्तक चालू आहे, प्रकाशकाला २८ तारखेला द्यायचंय. ती म्हणाली, नवा चालू होईपर्यंत जुना राहू द्यायचा होतास. मी म्हणालो, बुधवारी नव्यावर काम करशील. ती टेबलावरची ताटं उचलून आत गेली. पटलं असावं.

५ फेब्रुवारी, बुधवार
अभ्यास जोरात. प्रत्येक भागाला किती वॅट लागतात ते कागदावर मांडलं. बेरीज दोनशे सत्तर. मुलगी कॉलेजातून आली, कागद बघितला आणि म्हणाली, बाबा, मग साडेपाचशे भरपूर झाले की. तिला समजावलं की आपण आजचा विचार करत नाही आहोत. पुढे काय काय बसवावं लागेल सांगता येत नाही. तिने विचारलं, आईच्या टायपिंगसाठी? मी कागदाची घडी घातली. या वयात मुलांना दूरदृष्टी नसते.

पॉवर सप्लायमध्ये ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे असतात हे नव्याने कळलं. रविवारपर्यंत निर्णय.

९ फेब्रुवारी, रविवार
शुक्रवारी एक्सेलमध्ये तक्ता पूर्ण केला. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. (सुट्टी जरा लांबली.) तेवीस मॉडेल, अकरा रकाने. पंख्याचा आवाज, केबलची लांबी, वॉरंटी, लोकांचे अभिप्राय. एकाच वस्तूला एक माणूस देव मानतो आणि दुसरा म्हणतो घर जळता जळता वाचलं. दोघांनाही मान देऊन सरासरी काढली.

टेबल अडकल्यामुळे आम्ही आठवडाभर पलंगावर बसून जेवतोय. छान वाटतं, सहलीला आल्यासारखं. बायकोला तसं म्हणालो. ती चादरीवरचा आमटीचा डाग पुसत होती.

१० फेब्रुवारी, सोमवार
आजपासून बायको कामाला तिच्या बहिणीकडे जाते. दोन बस बदलून. मेव्हणीकडे लॅपटॉप आहे, दुपारी रिकामाच असतो. मी म्हणालो, बरं झालं, तेवढाच हवापालट. बायको म्हणाली, हो ना.

बोलण्याचा सूर नेहमीचाच होता. तरी गुरुवारपर्यंत संपवून टाकावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दुकानात चौथी फेरी. दुकानदाराला तक्ता दाखवला. त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, साहेब, यातले नऊ बंद झालेत. मग चहा मागवला. पुन्हा साडेपाचशेचाच खोका पुढे सरकवला. किंमत बघितली. एका डब्याला एवढे पैसे, तेही आयुष्यभर कॅबिनेटच्या आत बसून कुणाला न दिसणाऱ्या. विचार करून सांगतो म्हणालो.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी
विजय. स्टेशनमागच्या जुन्या सामानाच्या बाजारात साडेसातशे वॅटचा मिळाला. निम्म्याहून कमी किमतीत. विकणारा म्हणाला, वापरलेला नाही, फक्त खोका हरवलाय. माणूस बोलायला सरळ होता. वर एक वायरही फुकट दिली.

हातात घेतला तर अगदी हलका. मुलगी म्हणाली, चांगला पॉवर सप्लाय जड असतो, आत तांब्याची कॉइल असते. मी म्हणालो, मोबाइलही पूर्वी जड असायचे. मग तिने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दुसरा स्टिकर होता. त्यावर तीनशे. मी वरचा नीट दाबून बसवला. कंपनीने नंतर सुधारणा केली असणार.

उद्या शुभारंभ.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०
सगळं जोडलं. एकही स्क्रू उरला नाही. उलट दोन कमी पडले. बायकोची हार्ड डिस्कही बसवली, म्हणजे चालू केल्या केल्या मधमाश्यांचं पुस्तक समोर. ती भाजी आणायला गेलीय. येईपर्यंत पडद्यावर पुस्तक उघडून ठेवणार.

त्याच दिवशी, १०.२०
फट् असा आवाज झाला. मग वास. मग घरातली सगळी वीज गेली.

मुलीने मेन स्विच पुन्हा वर केला आणि खिडक्या उघडल्या. पॉवर सप्लायच्या जाळीतून धूर येत होता. मी आधी हार्ड डिस्क काढली. गरम होती. फुंकर मारली. फुंकर मारून काय होणार होतं कोण जाणे.

बायको आली, कसला वास म्हणाली. मी म्हणालो, टेस्टिंग. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसला जाताना हार्ड डिस्क दुकानदाराला दाखवली. त्याने मशीनला लावली, कानाशी धरली, परत लावली. मग म्हणाला, गेली. आत काय होतं? मी म्हणालो, मधमाश्या. त्याला काही कळलं नाही. मी डिस्क रुमालात गुंडाळून घेतली.

ऑफिसात लक्ष नव्हतं. एक जावक पत्र आवकमध्ये नोंदवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

अडीचशे पानं झाली होती तिची. मला माहीत आहे, कारण दर पन्नास पानांना ती मला सांगायची आणि मी अरे वा म्हणायचो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सांगायचं ठरवलं. व्होल्टेज वरखाली झालं, अशी सुरुवात करायची. जेवताना करणार होतो, पण ती मेव्हणीकडून दमून आली होती. दमलेल्या माणसाला त्रास देऊ नये.

१९ फेब्रुवारी, बुधवार
सांगितलं. ती बसस्टॉपवर निघाली होती, तिच्याबरोबर चालत गेलो. व्होल्टेजपासूनच सुरुवात केली, पण दुसऱ्या वाक्यात सगळं खरंच बाहेर आलं. स्टिकरसुद्धा.

ती म्हणाली, माहितीय. रविवारीच लेकीने सांगितलं. मी विचारलं, मग पुस्तक? तर म्हणाली, ज्या सकाळी तू जुना कॉम्प्युटर उघडायला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलास ना, त्याआधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं होतं. नाहीतर दहा दिवस ताईकडे जाऊन मी काय टाइप करत होते?

हा प्रश्न मला दहा दिवसांत पडला नव्हता. अभ्यासात होतो.

तिने तीन दिवस मला तसंच ठेवलं, याचा थोडा राग आला. बस आली. ती चढली, तिला खिडकीची जागा मिळाली. हात केला तिने. राग राहिला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
दुकानदाराने बाकीचे भाग तपासले. नशिबाने मदरबोर्ड वाचला. सखोल तुलनेनंतर माझा निष्कर्ष असा की साडेपाचशे वॅट, बऱ्या कंपनीचा, हाच योग्य. तोच घेतला. दुकानदाराने खोका उघडला. जोडून देऊ का, एवढंच विचारलं. हो म्हणालो. वीस मिनिटं लागली.

कॉम्प्युटर लगेच चालू झाला. घरी आणून बायकोला दाखवला. ती म्हणाली, छान झालाय. आता शेवटची चाळीस पानंच राहिलीत, ती ताईकडेच संपवते, मध्येच मशीन बदलत नाही. पुढचं पुस्तक यावर.

पटलं. पुढच्या पुस्तकाला चांगला कामाला येईल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
पुस्तक वेळेवर गेलं. प्रकाशकाच्या ऑफिसातून बायको उशिरा आली. काम बघून खूश झाले म्हणे. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती. विचार करून सांगते म्हणालीस ना, असं विचारलं, तर म्हणाली, नाही, तिथल्या तिथे हो म्हटलं. खिडकीजवळ टेबल आहे, नवा कॉम्प्युटर आहे, आणि मोडला तर दुरुस्तीला त्यांचा माणूस येतो.

अभिनंदन केलं. मनापासून केलं. मग विचारलं, म्हणजे घरी काम नाही आणायचं? म्हणाली, घरी कशाला.

३ मार्च, सोमवार. सकाळी ९
रजा टाकली होती, तिचा पहिला दिवस म्हणून. साडेआठलाच ती गेली. मुलगी कॉलेजला. तिचं सगळं मोबाइलवर चालतं.

कॉम्प्युटर चालू केला. पंख्याचा आवाज अजिबात नाही. दहा सेकंदांत पडदा उजळला. हार्ड डिस्क नवी, आत काहीच नाही. थोडा वेळ समोर बसलो. काय करावं सुचेना, म्हणून बंद केला.