कमलला नको सांगू

९ फेब्रु., सोम.
दत्ताकडून आत्ताच आले. पाय धुतले, चहा टाकला, उतू गेला. लक्ष नाही.
त्याला एमएनडी, स्नायू निकामी करत नेणारा आजार, होऊन तिसरं वर्ष. हात गेले, पाय गेले, दिवाळीपासून बोलणंही गेलं. आता श्वास. आमच्या पेशंट-मदत गटातर्फे दिलेलं मास्कचं मशीन आधी फक्त रात्री लागायचं, आता दुपारीही. डॉक्टर म्हणाले, गळ्याला भोक पाडून कायमचं मशीन लावायचं की नाही, आत्ताच ठरवा. ऐनवेळी ठरवायला वेळ मिळत नाही.
त्याची बायको कमल लगेच म्हणाली, "पाडा की भोक. माणूस राहिला पायजे."
दत्तानं डोळे मिटून घेतले. कमल त्याची चादर सारखी करत होती. तिला दिसलं नाही. मला दिसलं.

११ फेब्रु., बुध.
कमल टॉवेलच्या कडा शिवून झालेला गठ्ठा घेऊन एमआयडीसीत गेली. दत्ताही तिथल्याच कारखान्यात माग दुरुस्त करायचा. घरात मी आणि तो. मशीनचा आवाज.
भुवई उचलली. म्हणजे अक्षरांचा तक्ता हवाय. मी अक्षरांच्या ओळी म्हणते, बरोबर ओळ आली की भुवई वर, मग अक्षर, मग काना-मात्रा. एका शब्दाला कितीतरी वेळ.
न. को.
उशी नको? नाही. पंखा? नाही. वैतागला. वैतागला की भुवई नुसती थरथरते.
मग भो. क.
मी परत विचारलं. परत तेच. मग दमला, मास्क बसवला, थांबलो. पुन्हा भुवई.
क-म-ल-ला न-को सां-गू.
तेवढ्यात कमल आलीच. "काय म्हनत व्हते?"
मी म्हटलं, "उशी."

१२ फेब्रु., गुरु.
भाकरी करपली. दोनदा.
पेशंट जे सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला सांगायचं नाही. गट सुरू केला तेव्हा आम्ही चौघांनीच केलेला नियम. माझ्याच गच्चीवर. चिवडा खात. किती सोपा वाटला होता.
माझ्या भावाच्या, दादाच्या वेळी कुणी विचारलंच नाही. घाईत दवाखान्यात नेलं, घाईत गळ्यात नळी घातली. पुढे वर्षभर छताकडे बघत पडून होता. त्याला हवं होतं की नको, मला आजही माहीत नाही. म्हणून तर ह्या कामात...
जाऊ दे.

१४ फेब्रु., शनि.
कमल नळावर असताना दत्ताशी बोलले. म्हटलं, मी सांगणार नाही. पण तिच्याशी खोटंही बोलवत नाही. तुम्हीच सांगा. तक्ता मी धरते.
भुवई जागची हलली नाही.
म्हटलं, तिनं मंगळवेढ्याहून भावाला बोलावलंय. मशीनसाठी ट्रंका हलवून कोपरा रिकामा केलाय. बघताय ना?
नजर भिंतीकडे. मला राग आला. मान वळवता येत नाही अशा माणसाचा राग!
मग भुवई वर: मो-ड-ल ती.
"आणि तुमचं काय?" विचारलं. डोळे मिटले.
घरी येताना शुक्रवार पेठेतला माझाच बोळ चुकून पुढे गेले.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र.
कमलचा फोन. मागे देवळातली गर्दी. आवाज मोकळा. किती दिवसांनी.
"ताई, सिद्धेश्वराला सांगून आले. बुधवारी ॲडमिट करायचं पक्कं झालं. तुमी याल की?"
येईन म्हटलं. रताळं हातात तसंच गार झालं.

१६ फेब्रु., सोम.
मुजावरभाईंच्या रिक्षातून गेले. गटातले तेच एक मास्कचे पट्टे नीट बसवतात. वाटेत अक्कलकोट रोडला सिग्नलवर आपणहून म्हणाले, "मेरेकू बी दिख्या बाजी. नळी का नाम लिए तो आँखाँ मिच लेता उनो."
मी सिग्नलकडे बघत राहिले. तेवढ्यावरून त्यांना कळलं.
"पर बोलना उसीकू पड़ेगा," म्हणाले. सिग्नल सुटला.
पट्टा बसवून परत. दत्ता सबंध वेळ माझ्याकडे बघत होता.

१७ फेब्रु., मंगळ.
दारातून आत गेले तर भुवई वरच. तक्ता धरला. बो-ल-व.
दोनदा विचारलं, कमलला? वर.
ती ओल्या हातानं आली. "मी धरते. तुमी बसा." तिला ओळींची सवय नाही, तो तक्ता मी किंवा त्यांची मुलगी अश्विनीच धरते. अडखळत, बोट फिरवत. भो. क.
"व्हय, उद्या हाय की. भ्याव वाटतंय का?"
भुवई खाली. पुन्हा ओळी. न.
"न... नक्की? नक्की म्हनताय व्हय?"
को.
तिनं पहिल्यापासून सगळं परत म्हटलं. परत तेच आलं. तक्ता पालथा घातला गादीवर. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाला ठावं व्हतं."
"हो."
"आन मला उशी म्हनून सांगितलं."
"हो."
"जरा भाईर जावा."
बोळात उभी राहिले. आतून तिचा आवाज. भांडत होती. एकटीच, कारण तो काय भांडणार. "माझं काय? पोरीचं काय? इचारलं का मला?" मग रडणं. मग नुसता मशीनचा आवाज. मला वाटलं आता आत जावं.
मग ऐकू आलं: क ची ओळ... च ची... ट ची... त ची...
किती वेळ चाललं. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. "डाक्टरला फोन करते. न्हाय म्हनून न्हाय. थांबा म्हनून."
काय लिहिलं त्यानं, ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

१८ फेब्रु., बुध.
सकाळपासून फोन नाही. मी करायचा नाही असं ठरवून दोनदा हातात घेतला. कपडे वाळत घातले, वाळायच्या आत काढले.
माझ्याशी आता ती बोलेल का? न बोलली तरी तिचं बरोबरच आहे. पण दत्ताचंही...
आत्ता तिचा फोन आला. थेट बोलली, ताई म्हणाली.
"ताई, ह्येंनी एक इचारलंय. आज सकाळी, तक्त्यावर. मशीन नसली तर शेवट कसा असतो? लई तरास व्हतो का? मला काय ठावं? तुमाला ठावं हाय का?"
दादाचा माहीत आहे. तो मशीनवरचा. हा नाही.
म्हटलं, "मला माहीत नाही गं. डॉक्टरांकडे जाते, त्यांना विचारते, मग येते."
ती म्हणाली, "न्हाय, आदी हितं या. डाक्टरला तिघं मिळून इचारू. फोन त्येंच्या कानाला लावू."
पायात चपला आहेत. हे उभ्यानंच लिहितेय.