खलाला हात कुणी लावायचा

५ ऑगस्ट १९३७, लोणावळे

डॉक्टर गोळे आजारी बहिणीपाशी नागपूरला गेले. त्यांच्या धर्मार्थ दवाखान्यातला कंपाउंडर-वर्ग माझ्या हवाली. आजपासून मी ॲक्टिंग प्रिन्सिपॉल. घाबरण्याचं कारण नाही. औषधं बनवायला मला वडिलांनी घरीच शिकवलं, ते वैद्य. विद्यार्थिनी चार. सप्टेंबरअखेर युनिव्हर्सिटीचे डीन तपासायला येणार. त्यांनी मान्यता दिली नाही तर वर्ग बंद.

संकल्प: एकही चूक होऊ द्यायची नाही.

९ ऑगस्ट

चौघींपैकी रतनबाईनं खलाला हात लावला. मी खल काढून घेतला. वडील स्नान करून, धूतवस्त्र नेसून औषध घोटत. आईसुद्धा खलाला शिवत नसे. मी नुसतं उंबऱ्याबाहेरून पाहिलं, तरी आलंच ना? माझ्या वर्गात मात्र सोवळंओवळं मुळीच नाही. याला ॲन्टिसेप्टिक म्हणतात. जातीचा तर प्रश्नच नाही.

खल पुन्हा उकळून घेतला.

१७ ऑगस्ट

हवा दमट. चूर्णांचे गोळे होतात. त्यात मुलींचे हात लागले तर संपलंच! सगळी मिक्स्चरं मीच करते, त्या बाकावर बसून पाहतात. प्रगती उत्तम. सावित्राबाई जांभया देते. डोंगरातल्या वाडीहून चालत येते म्हणून असेल.

रतनबाईनं विचारलं, "बाई, आमी कवा हात लावायचा?" गणेशचतुर्थीनंतर, असं सांगितलं.

२ सप्टेंबर

रतनबाईचे दीर अंबाजी कामशेतहून आले. म्हणाले, "बाई, वैनी पास न्हाई झाली, का वर्ग बंद पडला, तर मी तिला घरी नेणार. तितं भात काढायला माणूस न्हाई." रतनबाई विधवा. एकदा परत गेली की पुन्हा इकडे येणं नाही. मी म्हटलं, "अंबाजीभाऊ, निर्धास्त असा." ते गेल्यावर चूर्ण तोलायला घेतलं. तराजूचा काटा स्थिर राहीना.

संकल्प: उद्यापासून तराजू मुलींच्या हाती.

३ सप्टेंबर

आज तराजू पुसायचा होता. उद्या नक्की.

१४ सप्टेंबर

गणेशचतुर्थी होऊन गेली. रतनबाईनं आठवण करून दिली. मी दसरा म्हटलं. ती म्हणाली, "दसऱ्यापातूर सायेब येऊन गेलेला असंल की, बाई." बाकीच्या तिघी हसल्या. बोलण्यात उद्धटपणा नव्हता, असं मी ठरवलं.

झोप नीट लागत नाही. बाकी तयारी पूर्ण.

२८ सप्टेंबर

डीन डॉक्टर वागळे आले. लॅबोरेटरीत धूळ शोधली, सापडली नाही. खूष. हे कुणाचं काम, विचारलं. सगळं माझंच, मी सांगितलं. कुणाची मदत? मुळीच नाही.

मग ते रतनबाईकडे वळले. म्हणाले, खोकल्याचं मिक्स्चर करून दाखवा. तिनं पदर खोचला, खल उचलला, आणि मी ओरडले, "शिवू नकोस!"

रतनबाईनं खल खाली ठेवला, निखारा ठेवावा तसा. मी ॲन्टिसेप्टिकचं समजावू लागले. डीन म्हणाले, "बाई, तुम्ही जरा व्हरांड्यात बसा."

मी दमलेली दिसले असेन.

आतून रतनबाईचा आवाज आला, "सायेब, बघितलंय लय. केलं न्हाई कंदी."

५ ऑक्टोबर

डॉक्टर गोळे परतले. निकाल त्यांनीच सांगितला. चौघींचीही मिक्स्चरं बिघडली. दोष मुलींचा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, तोवर वर्ग चालू. अट एकच: मुली काम करत असताना मी आत पाऊल टाकायचं नाही. अंबाजीही तोवर थांबायला कबूल झाले.

म्हणजे वर्ग वाचला. बाहेरून देखरेख ही नवी पद्धत असावी. खुर्ची व्हरांड्यात आणवली.

दुपारी आत काहीतरी फुटलं. मी धावले. दारात रतनबाई आडवी उभी, कोपरापर्यंत चूर्ण लागलेलं. म्हणाली, "बसा बाई. फुटलं तर फुटलं."

बसले.