दाराशी वाळत घातलेली वाळू

१५ एप्रिल

पिशवी फाटली! दगड कापायच्या शेडपासून गाडीपर्यंत येता येता तळाला भोक, आणि बॅरेंट्स समुद्राच्या तळाखालचा तेवीस कोटी वर्षांपूर्वीचा वाळूचा दगड, अर्धा चुरा झालेला, ओला गच्च, माझ्या कोटावर. आमची भूगर्भ-संस्था उद्यापासून ईस्टरसाठी बंद. हीटर आजच मंद केलेत. म्हणून सगळं घरी आणलं आणि दाराशी, जोड्यांच्या फळीजवळ, जुन्या वर्तमानपत्रावर पसरलं. हीटर तिथेच आहे, आणि मोकळी जागाही तेवढीच.

तोर्लाइफ आला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. म्हणाला, "पाहुण्यांना जमिनीवर निजवलंस?"

"तुझेच पाहुणे. मी बोलावले नव्हते."

आमचं हे भांडण लग्नाइतकंच जुनं आहे. खालचे थर पूर्वेकडून आले, उरल पर्वत झिजून, हे दोघांनाही मान्य. पण त्यांच्यावरचा हा जाड वाळूचा थर? मी म्हणते, तोही पूर्वेचाच. तो म्हणतो, हा पश्चिमेचा, ग्रीनलंडच्या बाजूच्या डोंगरांतून आलेला. संस्थेच्या जिन्यात भिंतभर नकाशा आहे, त्यावर दोन बाण आहेत, दोन्ही पेन्सिलीने. एक माझा, एक त्याचा. शाई कुणाला लावायची हे ठरायला त्या थराचा चांगला दगड हवा होता. तो आत्ता कुठे मिळाला, तोर्लाइफ निवृत्त व्हायला महिना उरलेला असताना. त्याचं निरोपाचं भाषण १४ मेला. आइविन, आमचा संचालक, म्हणालाय, त्या दिवशी एक बाण पक्का करून टाकू.

त्याचा खरा ठरला तर आयुष्य सार्थकी. माझा ठरला तर तो आयुष्यभर चुकला. तो हसून बोलतो, पण मला माहीत आहे त्याच्या पोटात काय चाललंय.

१७ एप्रिल

ईस्टरचा गुरुवार. ट्रोम्सो गावातले सगळे डोंगरातल्या आपापल्या केबिनवर, स्कीवर. आम्ही घरी. वाळूची राखण!

तोर्लाइफ संत्रं सोलता सोलता म्हणाला, "पश्चिमेची आहे." मी म्हटलं, "गप खा."

२५ एप्रिल

दगड दळला, धुतला, जड दाणे वेगळे केले. आज दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली झिरकॉन वेचले. बाकी सगळं झिजतं, विरतं. हे बारीक दाणे हट्टी, आपलं वय अंगात धरून राहतात. वय तीस कोटींच्या आसपास निघालं तर उरलचे, म्हणजे माझे. त्रेचाळीस कोटी निघालं तर पश्चिमेचे, त्याचे.

त्याचा हात हल्ली थरथरतो. म्हणून सुई माझ्या हातात, तो शेजारी दुसऱ्या भिंगाला डोळा लावून. "तो घे. नाही, त्याच्या डावीकडचा. अगं, त्याला का सोडतेस?" मी एकही दाणा सोडला नाही. तो बघत होता म्हणून नव्हे.

संध्याकाळी कॉड मासा, त्याचं यकृत आणि गाभोळी. हंगामातलं शेवटचं. दोघांनी इतकं खाल्लं की नंतर कोचावर नुसते पडून होतो. छान दिवस गेला.

६ मे

इंगविलचा फोन. वय काढायचं यंत्र ती चालवते, आणि तिची जीभ त्या यंत्रापेक्षा जोरात चालते.

"हाल्दिस, बसली आहेस ना? त्रेचाळीसवाले निघाले. थोडेथोडके नाहीत, ढीगभर. तुझ्या म्हाताऱ्याने बाजी मारली, आता घरात राहणं मुश्कील करेल तुझं."

तोर्लाइफला सांगितलं तेव्हा तो भांडी धूत होता. धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. मग न्हाणीघरातून शीळ ऐकू आली, अर्धा तास एकच गाणं, तेही बेसूर.

मी दोन तास फुगून बसले. खोटं कशाला लिहू, लागलंच मनाला. एवढी वर्षं मी काय पूर्वेचं पालुपद उगाच लावलं होतं? मग उठून वॅफल केले, वर तपकिरी चीज घातलं, आणि त्याच्यापुढे ठेवून म्हटलं, "घे, विजयी वीरा." तो लाजला! या वयात. त्याचं ते लाजणं बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

८ मे

झालं ते लिहून ठेवते.

सकाळी नगरपालिकेचं झाडू मारणारं मोठं यंत्र गल्लीत आलं. बर्फ गेला की दरवर्षी येतं, पाय घसरू नयेत म्हणून हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी गोळा करायला. ते बघून मलाही आठवलं, दाराशी झाडून घ्यावं. जोड्यांची फळी सरकवली. खाली खडी, चुरा, बारीक धूळ. सुपलीभर.

सुपली हातात धरून तशीच उभी राहिले.

ऑक्टोबरपासून मेपर्यंत ती खडी आमच्या बुटांना चिकटून घरात येते. बूट दाराशी काढायचे हे इथल्या पोराटोरांनाही शिकवावं लागत नाही, म्हणून घर आरशासारखं लख्ख आणि सगळी घाण दाराशी त्या हातभर जागेत. सगळ्या गावाला माहीत, म्हणून कुणाला दिसत नाही. आणि मी, दगडांत आयुष्य घालवलेली बाई, तेवीस कोटी वर्षांची वाळू नेमकी तिथे वाळत घातली!

खडी येते समोरच्या किनाऱ्यावरच्या खाणीतून, आपल्याच डोंगरांची. आणि आपले डोंगर आणि ग्रीनलंडचे डोंगर एकाच वेळी उभे राहिले. वय एकच, त्रेचाळीस कोटी.

ते दाणे समुद्राचे की आमच्या बुटांचे?

९ मे

सुपलीतली धूळ इंगविलकडे दिली. तिला सगळं सांगितलं. "तोर्लाइफला सांगितलंस?" तिने विचारलं. म्हटलं, आधी तू मोज.

१२ मे

धुळीचे दाणे त्रेचाळीस कोटीचे. अगदी तेच.

जेवताना सांगितलं. आजचं उद्यावर ढकलायचा मोह झाला होता, खूप झाला होता. तो बटाटा सोलत होता. सोलायचा थांबला नाही.

"म्हणजे त्यातलं माझं किती आणि नगरपालिकेचं किती?"

"कळायला मार्ग नाही. दाण्यांच्या आकारावरूनही नाही, दळताना अर्धे फुटलेत."

"दगडाचा दुसरा अर्धा?"

समुद्रतळ खोदून काढलेला दगड उभा चिरलेला असतो. अर्धा आम्हाला, अर्धा सरकारी गोदामात सीलबंद. त्यातला तुकडा मिळायला परवानगी लागते. "महिना तरी जाईल," मी म्हटलं.

"आणि भाषण परवा."

"पुढे ढकल."

"लोक बेर्गनहून निघालेत."

"मग या दगडाबद्दल बोलूच नकोस. बाकी सांगण्यासारखं तुझ्याकडे काय कमी आहे?"

तेव्हा मात्र त्याने सुरी खाली ठेवली. "हाल्दिस, हे तू मला सांगतेस?" बस्, एवढंच. माझी मान खाली गेली.

१४ मे

हॉल भरला होता. मी दुसऱ्या रांगेत, इंगविलच्या शेजारी.

बाकीचं सगळं नेहमीसारखंच, थोडं लांबलेलं. शेवटी तो म्हणाला, "पश्चिमेचा पुरावा मला अखेर सापडला. माझ्या घराच्या दारात, जोड्यांच्या फळीखाली." मग खडीची सगळी गोष्ट सांगितली. लोक खो खो हसले. या गावात प्रत्येकाच्या दाराशी ती खडी आहे. हसू ओसरल्यावर म्हणाला, "वाळू मी तिथे वाळत घातली. जे स्वच्छ नाही ते मोजायचं नसतं. म्हणून माझा दावा मी मागे घेतो. हाल्दिस बरोबर होती, असं समजा."

वाळत घातली होती ती मी! तो म्हणाला, मी! भर हॉलमध्ये, माझ्याकडे न बघता. इंगविलने माझा हात इतका घट्ट दाबला की अजून दुखतोय.

नंतर जिन्यात गेला आणि स्वेटरच्या बाहीने आपला बाण पुसला. नीट पुसला जाईना, तर थुंकी लावून पुसला. आइविनने माझं अभिनंदन केलं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बिचाऱ्याचा काय दोष?

रात्री तोर्लाइफला विचारलं, वाईट वाटतंय का. म्हणाला, "वाटतंय. पण झोप लागेल." आणि लागली खरोखर. घोरत होता. मी ऐकत पडले, आणि कसं कोण जाणे, मला बरं वाटत गेलं. असल्या माणसाशी भांडण्यात आयुष्य गेलं, वाया नाही गेलं.

१७ मे

राष्ट्रीय दिन. मिरवणूक, झेंडे, गारा. तोर्लाइफने तीन आइस्क्रीमं खाल्ली.

२ जून

सीलबंद अर्ध्यातला तुकडा मिळायची परवानगी आली. मीच अर्ज केला होता. तोर्लाइफ म्हणाला, "आता कशाला? तुझा बाण रंगवून झालाय, छान दिसतोय." खरंच रंगवलाय, लालभडक. मी त्या जिन्याने हल्ली जात नाही, लिफ्टने जाते.

तुकडा मी थेट गोदामातून इंगविलच्या हाती दिला. घराच्या आसपासही फिरकू दिला नाही. दाणे तिनेच वेचायचे, मी हातही लावणार नाही असं ठरलं. मला फक्त खात्री हवी. पूर्व तर पूर्व, पण स्वच्छ.

तो मजेत आहे. बोट उलटी घालून खरवडत बसतो, दुपारी मासे घेऊन येतो. सूर्य मावळत नाही, त्यामुळे जेवणाची वेळ कुठली आणि झोपायची कुठली, सगळा आनंद आहे. काल माझ्या नव्या पडद्यांना त्याच्या हातचा रंग लागला. भांडलो. मजा आली.

१९ जून

इंगविलचा निकाल आला. त्रेचाळीसवाले. जवळजवळ तितकेच, पुन्हा. हा दगड आमच्या घरात कधी आलाच नव्हता.

तोर्लाइफ बरोबर होता. तेव्हाही होता आणि त्याआधीही.

इंगविल म्हणाली, "तू सांगतेस की मी सांगू?" म्हटलं, मी. हरल्याचं वाईट वाटेल म्हणून वाट बघतेय, ते येतच नाहीये. त्याच्या हातात आलेलं मी त्याला सोडायला लावलं, भरल्या सभेत, आणि त्याने माझी चूक स्वतःवर घेऊन ते सोडलं. तो खाली धक्क्यावर बोट रंगवतोय, खिडकीतून दिसतोय. जाते, सांगते.