चौदा मिलिमीटर

परळ,
३ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
मनवाचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही दुसऱ्या मिनिटाला तापतो, म्हणून पत्र. पोस्टात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला चालेल असं धरून चालते.

बातमी अशी की डिसेंबरातल्या शर्यतीसाठी मी मापाची सायकल करून घेतेय. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, तीच ती शर्यत. हसू नका. तुम्ही नाही का हिंदमात्याहून कापड आणून शर्ट मापानेच शिवून घेत? तयार सायकलीवर माझी कंबर तासाभरात धरते. दोन सायकली विकून झाल्या, तरी तेच. सरावाच्या ग्रुपमधले म्हणतात, सायकलीत काही नाही, मनवातच दम नाही.

भायखळ्याला इयान म्हणून एकजण आहे, तो मापं घेऊन सायकलीचा सांगाडा बनवून घेतो. त्याने मला एका जागी खिळवलेल्या सायकलीवर बसवलं, गुडघ्यांना टिकल्या चिकटवल्या, मागून व्हिडिओ काढला आणि तो दोनदा परत लावून पाहिला. मग टेबलावर उताणं झोपवून टेप लावली. म्हणाला, डावा पाय चौदा मिलिमीटर आखूड आहे, लहानपणी काय झालं होतं? मी म्हटलं, काही नाही. तर म्हणे, एक्सरे काढून आण, त्याशिवाय मी ऑर्डर देणार नाही.

काही झालं होतं का, बाबा? आई असती तर तिलाच विचारलं असतं.

गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
मनवा


गिरगाव,
९ ऑगस्ट २०२४

चि. मनवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे.

तुझ्या त्या इयानला म्हणावे, आधी स्वतःची टेप तपासून घे. तुझे दोन्ही पाय देवाने दिले तसे आहेत. लहानपणी एक गोवर सोडला तर तुला काही झाले नाही. कोणाचाही एक पाय जरा उणा असतोच. एक्सरेच्या नादी लागू नकोस. सायकलवाल्यांनी डॉक्टरकी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तुझी कमलआत्या परवा येऊन गेली, तुझी चौकशी करत होती. खालच्या मीनाक्षीने अळूवड्या दिल्या. तुझ्या वाटच्या दोन दिवस ठेवल्या, तू आली नाहीस, मग मीच संपवल्या. रविवारी ये.

म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

तुझा,
बाबा


परळ,
१७ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सा. न.

एक्सरे काढला. डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि एकावर एक चढून जुळलंय. डॉक्टर म्हणाल्या, फार लहानपणीचं आहे. गोवराने हाड मोडत नाही, बाबा.

मला आठवतं ते एवढंच. शाळेतून आले की तुम्ही मला गॅलरीतल्या फरशीच्या रेघेवरून चालायला लावायचात. पाऊल वाकडं पडलं की परत पहिल्यापासून. सरळ चाल, लोक बघतात, म्हणायचात. खोखोच्या टीममधून काढलं तेव्हा तुम्ही बाईंना म्हणालात, पोरगी वेंधळीच आहे. मीही तेच धरून बसले. अजून कंबर धरली की मी स्वतःलाच शिव्या घालते.

तुम्हाला माहीत होतं का? हो की नाही, तेवढंच लिहा. अळूवड्यांचं नको.

मनवा


गिरगाव,
२ सप्टेंबर २०२४

चि. मनवास,
आशीर्वाद.

होय.

तू तीन वर्षांची होतीस. जिन्यात माझ्या कडेवरून निसटून खाली गेलीस. प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी डाव्या बुटाला जाड तळ लावून दिला, वाढ पुरी होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दाखवा म्हणाले. बूट घेऊन घरी आलो तेव्हा कमल बसलेली होती. ती म्हणाली, "हा बूट घालून पोर चाळीत फिरली, की उद्या हिला कोण करून घेणार?" मला पटले. बूट माळ्यावर टाकला आणि दवाखान्याची पायरी पुन्हा चढलो नाही. तुझी आई रडली, भांडली. तिला मी शपथ घातली. ती तिने शेवटपर्यंत पाळली.

रेघेवर चालवून चाल सुधारेल, असे तेव्हा खरेच वाटत होते. चूक झाली एवढे लिहून भागणार नाही, हे मला कळते. डिसेंबरात शर्यत संपते तिथे मला उभे राहू दे. बाकी काही मागत नाही.

बाबा


परळ,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,

सायकल आली. सांगाडा माझ्या मापाचा, आणि इयानने सायकलच्या डाव्या बुटाखाली दहा मिलिमीटरची पट्टी बसवून दिलीय. सगळा फरक एकदम भरला तर कंबर बंड करेल म्हणाला. काल सकाळी अडीच तास चालवली आणि कंबर दुखली नाही. जन्मात पहिल्यांदा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून रडले. फिरायला आलेल्या एका आजींना वाटलं, कोणीतरी गेलं. आनंदाने नव्हते रडत, संतापाने रडत होते. एका पट्टीचं काम होतं हो, आणि मी तेहतीस वर्षं वेंधळी म्हणून जगले.

ज्या लग्नासाठी बूट माळ्यावर गेला ते मी केलंच नाही, ते एक बरं झालं. आईने शपथ पाळली याचाही राग येतो. ती नाही, म्हणून तोही तुमच्यावरच निघतो.

माफ केलं असं लिहायला बसले होते. नाही जमत. उगाच खोटं कशाला लिहू?

शर्यतीला येऊ नका. पळण्याचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर मी दमते, आणि दमले की लंगडते. आजवर दात आवळून ते लपवत आले. यंदा लंगडत, पण स्वतःच्या चालीने पोचायचं ठरवलंय. तुम्ही समोर दिसलात, तर मी पाय सरळ टाकायला जाईन.

मनवा