दुसरी बेल

१७ जून

प्रिय मास्तर,

वहिनींना नमस्कार, तुला नेहमीची टपली. फोन तू उचलत नाहीस. दारात यावं तर वहिनी हळूच सांगतात, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा." दिवसभर डोळा लागायला तू काय तान्हं बाळ आहेस? म्हणून हे पत्र. माणसापुढे झोपेचं सोंग घेता येतं, पत्रापुढे घेऊन दाखव.

बातमी अशी, की मी पुन्हा पळायला लागलोय. हस. झटक्याने तुझा उजवा हात-पाय नि जीभ अडवली, हसू थोडंच अडवलंय!

जानेवारीतली मॅरेथॉन. अख्खी, बेचाळीस किलोमीटरची. आठवतं ना, डेपोने आपल्याला एकाच दिवशी निरोप दिला तेव्हा माइक कोणी हिसकावला होता? "हा कासव आयुष्यभर स्टिअरिंगमागे बसून होता, आता मी ह्याला पळवणार!" दोघांचे अर्ज तूच भरलेस. मग तू अंथरूण धरलंस आणि पळण्याचं लोढणं राहिलं माझ्या एकट्याच्या गळ्यात. गेल्या जानेवारीचं विचारू नकोस. पोटरी भरली, संपलं.

सराव कुठे करतोय, सांग बघू? आपल्याच रूटवर. डेपोपासून शेवटच्या थांब्यापर्यंत, म्हणजे तुझ्या गॅलरीखालपर्यंत, आणि परत. गंमत ऐक. पाय प्रत्येक थांब्याला आपोआप थांबतात. पाण्याच्या टाकीपाशी थांबतात, छापखान्यापाशी थांबतात. छापखान्याच्या थांब्यावरची एक बाई मला रोज विचारते, "काका, पुढची कधी येईल?" मीही सांगतो, आणि बरोबर तेव्हाच येते!

थांबण्याचं ठीक आहे रे, पण मग निघता येत नाही. सगळी नोकरी कंडक्टरची, म्हणजे तुझी, डबल मिळाल्याशिवाय गाडी हलवली नाही. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आता डबल देणार कोण? शेवटी मीच तोंडाने "टिंग टिंग" म्हणतो आणि निघतो. परवा एका कॉलेजच्या पोरीने ते ऐकलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली.

तब्येतीला जप. उत्तर लिही म्हणणार नाही, पण वाचलंस एवढं तरी कळव.

तुझा,
कासव


४ सप्टेंबर

प्रिय मास्तर,

वहिनींनी जिन्यात गाठून सांगितलं की तू पत्र वाचलंस आणि "टिंग टिंग"ला खुदकन हसलास. माझा जीव भांड्यात पडला. पण मला आत बोलावलं नाहीसच. असो.

आमच्याकडची बातमी बरी नाही. डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. तीन आठवडे मी सोफ्यावर, पाय उशीवर, आणि बायको समोर कमरेवर हात ठेवून. "झाली हौस?" एवढंच म्हणते, पण दिवसातून दहादा म्हणते. लेक फोनवरून ओरडली, "बाबा, ह्या वयात लोक बागेत बसतात!" मी म्हटलं, बसायचा कोटा माझा नोकरीतच संपला.

व्यायाम शिकवणारी एक डॉक्टरीण आहे, अंगाने काडी, पण आवाज आपल्या डेपो मॅनेजरसारखा. तिने गुडघा दाबून विचारलं, "आजोबा, डावा पाय एवढा कशाने झिजला?" मी म्हटलं, क्लच. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिच्या खुर्चीवर बसून दाखवलं, गर्दीच्या रस्त्यावर दर चार पावलांवर क्लच कसा दाबायचा ते. बाईने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग ह्या पायाने आधीच पृथ्वीला फेरी मारलीय की. आता त्याला फक्त चालायला शिकवू या." मास्तर, इतक्या वर्षांत कोणी माझ्या गुडघ्याचा असा मान राखला नव्हता.

तिने शिकवलं ते भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं उभं राहणं. खाली खुर्ची नाही, काही नाही. मांड्या थरथरतात, घाम निथळतो, तोंडातून नाही नाही ते शब्द येतात. एकदा पायरीवरून घसरलो, टाच दुखावली, आठवडाभर लंगडत होतो. पण आता सूज उतरलीय. काल पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि परत आलो. हळूच, पण स्वतःच्या पायांनी. आल्यावर आरशात बघून मिशीला पीळ दिला. मिशी नाहीये मला, तरी दिला.

तुझा व्यायाम चालू आहे का रे? वहिनी म्हणाल्या, तू व्यायाम करून घेणाऱ्या माणसाला परत पाठवतोस. म्हणतोस, "आता काय उपयोग?" म्हणजे म्हणत नाहीस, हाताने उडवून लावतोस. मला बोलायचा अधिकार नाही. नाही कसा? आहे. पण आज नाही बोलत.

तुझा,
कासव


२८ डिसेंबर

प्रिय मास्तर,

आज नमस्कार-चमत्कार नाहीत. जे दोनदा गिळलं ते लिहून टाकतो, म्हणजे हलका होऊन पळेन.

गेल्या जानेवारीत पोटरी भरली नव्हती. थोडी भरली होती, पण त्याने मी थांबलो नव्हतो. शर्यत तुझ्या गॅलरीखालून जाते, माहीत आहे ना? तिथून पुढे फार उरत नाही. मी तिथवर छान आलो होतो. शेवटचा थांबा आला, पाय थांबले. मी वर पाहिलं. पडदा हलला. मला वाटलं, आता हा गॅलरीत येईल, काहीतरी ओरडेल, निदान हात करेल. उभा राहिलो. पडदा पुन्हा हलला आणि तू तो ओढून घेतलास.

मग मी फुटपाथवर बसलो तो उठलोच नाही. मागे पडलेल्यांना गोळा करणारी बस आली. चालवायला आपल्या डेपोतला मिश्या! ज्याला मी रिव्हर्स शिकवला, त्याच्या गाडीत मी पॅसेंजर म्हणून चढलो. खिडकीशी बसलो आणि खूप रडलो. बिचारा मिश्या आरशातसुद्धा बघत नव्हता.

मला तुझा राग आला होता, मास्तर. अजूनही आहे. तुझा हात वाकडा झाला म्हणून नाही. तू असा मला दिसू नयेस असं तू ठरवलंस, म्हणून. छापखान्याच्या चढावर आपली गाडी बंद पडली होती तेव्हा दोघांनी चिखलात लोळून ढकलली होती ना? तेव्हा कुठे लाजलो होतो एकमेकांना?

ह्या पाकिटात नातीच्या जुन्या सायकलची घंटी आहे. अंगठ्याने वाजते. डावा अंगठा चालतो तुझा, वहिनींनी सांगितलंय. शर्यत दुसऱ्या रविवारी. मी शेवटच्या थांब्यावर थांबणार. तोंडाने टिंग टिंग म्हणणार नाही. आता तुझं तू बघ.

तुझा,
कासव


जानेवारी, शर्यतीनंतरचा सोमवार

प्रिय, प्रिय मास्तर,

उठता येत नाही. बायको चहा हातात आणून देते आणि "झाली हौस?" म्हणत नाही. उलट शेजारणीला सांगत होती, "आमच्या ह्यांनी पूर्ण केली हो!" भिंतीपलीकडून ऐकलं मी, गालातल्या गालात हसलो. गालच तेवढे दुखत नाहीत.

कालचं तुझ्या बाजूचं तुला माहीत. माझ्या बाजूचं सांगतो.

पाण्याच्या टाकीनंतर गुडघ्याने कुरकूर सुरू केली. छापखान्याच्या चढावर टाच बोलायला लागली. माझ्या पुढे कोणी नाही, मागे दूरवर फक्त मिश्याची बस. वळणावरून तुझी गॅलरी दिसली. रिकामी. दार बंद, पडदा ओढलेला. खरं सांगतो, म्हटलं संपलं. पाय मात्र सवयीने थांब्याकडे गेले.

आणि थांब्यावर तू.

तीन जिने खाली! एका हाताला वहिनी, काखेत काठी, अंगात नोकरीतला तो खाकी शर्ट, बटणं वरखाली लागलेली. किती बारीक झालास रे. मी समोर येऊन उभा राहिलो, दम लागलेला, बोलता येईना. तुलाही बोलता येईना. बरी जोडी जमली.

तू घंटी वर धरलीस आणि वाजवलीस. टिंग.

एकच. अंगठा सटकला तुझा. घंटी खाली पडता पडता वहिनींनी धरली. लोक ओरडायला लागले, "काका, पळा! वेळ संपतोय!" शिट्टीवाला स्वयंसेवक धावत आला, म्हणाला, "आजोबा, बस आली मागे, निघा नाहीतर उचलतील." मी त्याला म्हटलं, "एक बेल झालीय. एकावर गाडी हलत नाही."

मांड्या लटलट कापत होत्या. भिंतीला पाठ लावून उभं राहायला शिकलो ते तिथे कामाला आलं, फक्त भिंत नव्हती. तू पुन्हा अंगठा बसवलास. पुन्हा सटकला. वहिनी मदत करायला गेल्या तर तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की त्यांनी हात मागे घेतला. मागे बसचा ब्रेक लागल्याचा आवाज आला. मिश्याने दार उघडलं नाही, हॉर्न दिला नाही. इंजिन चालू ठेवून थांबला. डेपोचा माणूस शेवटी. त्याला नियम ठाऊक.

तुझ्या कपाळावर घाम. ओठ दाताखाली. आणि मग आली. टिंग!

मास्तर, उभ्या जन्मात इतकी खणखणीत बेल ऐकली नाही मी. त्यानंतर काय झालं विचारशील तर मला नीट आठवत नाही. बस मागे होती आणि मी पुढे होतो, एवढं आठवतं. सगळ्यात शेवटचा आलो. शेवटचाच, पण आलो, आणि मिश्या पाठोपाठ हॉर्न वाजवत आला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. त्यांनी फोडलं तुझं गुपित. घंटी पोचल्या दिवसापासून तू त्या व्यायामवाल्याला परत पाठवणं बंद केलंस म्हणे. रोज सकाळी जिना उतरायला शिकलास. पहिल्या दिवशी एकच पायरी, आणि चिडून पुन्हा वर. काल अख्खे तीन जिने, आणि शर्ट स्वतः घातलास. म्हणजे काल शर्यत दोघांनी पूर्ण केली. अर्ज दोघांचे भरले होते, वाया नाही गेले.

मला तुझा अभिमान वाटतो. हे तोंडावर कधी म्हटलं नसतं, म्हणून पत्रात.

पाय वाकायला लागले की मी येतो. वहिनींना सांग, "डोळा लागलाय" चालणार नाही. दाराशी एकदा बेल वाजेल. मी बाहेर थांबेन. दुसरी आतून तू द्यायची, मग मी आत येईन. लागू दे कितीही वेळ.

तुझ्या डबलवर निघालेला,
कासव